शैलीचा रकाना

फॉर्मवर नाव, वय, वजन आणि पत्ता यांच्याखाली एक रकाना होता : खेळाडूची शैली. बाकीचं सगळं दादाने स्वतःच्या हाताने भरलं होतं. तेवढा एक कोरा ठेवून त्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"बाय, इथं काय लिवायचा ते तू सांग."

बाय म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि जव्हारच्या वसतिगृहात राहून बारावी करत होते. दादा एकवीसचा. दहावीनंतर त्याने शाळा सोडली होती आणि दोन वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागे होता, पोलीसभरती. पहिल्या खेपेला थोडक्यात राहिला. सूर्यमाळच्या अलीकडे रस्ता सोडून खाली उतरलं की आमचा पाडा लागतो. तिथून तो रोज पहाटे खोडाळ्याच्या दिशेने पळायचा, आंब्याच्या फांदीला लोंबकळून छाती वर ओढायचा, ओहोळातला गोल दगड उचलून फेकायचा. भरतीत धावणं, गोळा आणि पुलअप्स असतात, आणि त्यांच्या सरावाला लागणारं सगळं आमच्या डोंगरात फुकट होतं. भात कापून झालं की पाड्यातली निम्मी घरं दाराला काटे लावून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जात. दादाला भट्टीवर जायचं नव्हतं. त्याच्याकडे विकण्यासारखं शरीर होतं आणि ते त्याला विटांना नाही, वर्दीला विकायचं होतं.

त्या वर्षी जव्हारच्या दसऱ्याला त्याने तीन कुस्त्या मारल्या. तिसरी झाल्यावर ट्रॅकसूट घातलेला एक माणूस गर्दीतून वाट काढत आला. भिवंडीहून आलोय, म्हणाला.

"पहेलवान, मिक्समध्ये खेळणार का?"

"मिक्स म्हणजे?"

"सगळं चालतं. लाथ, बुक्की, पकड, पाडापाडी. कराटेवाला येतो, ज्युदोवाला येतो, तुझ्यासारखा कुस्तीवाला येतो. जो हार मानेल तो हरला."

"आन् जिंकला तर?"

"सर्टिफिकेट. खेळाडूंच्या जागा असतात ना भरतीत? तिथं चालतं."

हा शेवटचा शब्द ऐकून दादाने फॉर्म घेतला. सरकारी कागदावरच्या प्रत्येक ओळीवर शंका घेणारी मी, त्या माणसाला मी एकही प्रश्न विचारला नाही. कुठल्या यादीत चालतं, कुणी सांगितलं, काही नाही. मला ते खरं असायला हवं होतं.

याचं कारण सांगायला आमच्या घराबद्दल बोलावं लागेल. बाबा मोखाड्याच्या एका कचेरीत शिपाई होते आणि कचेरी सुटली की आदिवासींच्या संघटनेचे कार्यकर्ते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. कणगीच्या मागे गठ्ठे, छपराच्या वाशात खोचलेली, नाचणीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेली. सायक्लोस्टाईलच्या शाईने बोटं काळी करत मी त्यांच्यावरच अक्षरं शिकले. मला आठवतं तसा मी वाचलेला पहिला पूर्ण शब्द 'निषेध' होता. पत्रकाची एक चाल असते. वर ठळक मथळा, मग अन्याय, मग मागण्या आणि शेवटी, आम्ही झुकणार नाही. त्यात 'कदाचित' नसतं. पंधराव्या वर्षापासून मी स्वतः पत्रकं लिहायला लागले, न येणाऱ्या टँकरवर, रेशनच्या कुजक्या गव्हावर, वसतिगृहाच्या डाळीतल्या किड्यांवर. माणसं ती वाचून घेत आणि म्हणत, पोरगी जाळ लिहिते. मला ते आवडायचं.

आणि आमच्या तालुक्यांचं नाव पेपरात कधी यायचं? पावसाळ्यात, कुपोषणाने मेलेल्या पोरांच्या आकड्याशेजारी. जव्हार-मोखाडा म्हटलं की वाचणाऱ्याने आधी 'अरेरे' म्हणायचं, मग पान उलटायचं. मला त्या 'अरेरे'ची चीड होती, अजून आहे. दादाचा फॉर्म हातात आला तेव्हा माझ्या डोक्यात मथळा तयार झालासुद्धा : मोखाड्याच्या मातीने कराटेवाल्यांना लोळवलं. लढायचं त्याला होतं, पण सिद्ध मला करायचं होतं.

तरी मी न्यायाने वागले असं त्या वेळी मला वाटलं. "आधी सगळं बघू, मग लिहू," मी म्हणाले. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं बघायला निघालो.

पहिल्यांदा कराटे. जव्हारला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी क्लास चालायचा. सर बाहेरगावाहून येत. शिक्षकांची, कारकुनांची मुलं पांढऱ्या कपड्यांत रांगेने उभी राहून हवेत ठोसे मारत होती आणि प्रत्येक ठोशाला ओरडत होती. सरांनी दादाला शेवटच्या रांगेत उभं केलं. तासाभराने तपकिरी पट्ट्याच्या एका मुलासमोर आणलं. ठोसा मारायचा पण लागू द्यायचा नाही, असा नियम होता. त्या मुलाने पाय उचलला. दादाने तो पाय हवेतच धरला, दुसरा पाय काढला आणि त्याला फरशीवर हळूच ठेवलं, भाताची पेंढी ठेवावी तसं.

"असं नाही चालत," सर म्हणाले. "पकडायचं नाही."

"पण तो पडला ना, सर?"

"पडला. पण त्याला गुण नाहीत."

बाहेर येईपर्यंत दादाने हसू दाबलं. "पाडायचाबी नाय, लागायचाबी नाय. मंग वरडायचा कशाला?"

सर वाईट नव्हते. जाताना त्यांनी दादाची हनुवटी बोटाने खाली दाबली आणि सांगितलं, "तोंड झाकायला शिक. कुस्तीवाल्यांचं तोंड उघडं असतं. महिनाभर ये, पैसे नको देऊस." मी ते ऐकलं आणि बाजूला टाकलं. मला पांढरे कपडे दिसत होते, पट्ट्याची परीक्षा दिसत होती, ओरडून वाकणारी रांग दिसत होती. ज्याच्याकडे कपडा घ्यायला पैसे नाहीत त्याला ही विद्या नाही, असं मी वहीत लिहिलं. वाक्य चांगलं होतं. महिनाभर फुकट शिकवतो म्हणणाऱ्या माणसाविरुद्ध ते लिहिलंय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग ज्युदो. जामसरच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत एक क्रीडाशिक्षक होते, कुठल्याशा मोठ्या गावात ज्युदो शिकून आलेले. त्यांच्याकडे गाद्या नव्हत्या. भाताचा पेंढा अंथरून त्यावर त्यांनी ताडपत्री ताणली होती आणि कडा दगडांनी दाबल्या होत्या. त्यांनी चहा दिला, फॉर्म वाचला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं :

"हे सर्टिफिकेट भरतीत चालेल असं कुणी सांगितलं?"

"त्यांनीच," दादा म्हणाला.

"ज्युदो खेळ. जिल्ह्याला खेळ, विभागाला खेळ. त्याचं चालतं. वेळ लागेल, पण चालतं."

"किती वेळ?"

"दोन वर्षं तरी."

दादाच्या वयाच्या पोरांकडे दोन वर्षं नसतात. ते सरांनाही माहीत होतं. त्यांनी विषय सोडला आणि ताडपत्रीकडे बोट केलं. "बरं, जायचंच असेल तर एवढं शिकून जा. झोप पाठीवर."

दादा उताणा झोपला. सर त्याच्या छातीवर बसले. "आता लढ."

दादा हसायला लागला. खरंच हसला, पोट हलेपर्यंत. "आता काय लढू? पाठ लागली."

"तेच तर. तुझी पाठ लागली की तुझं डोकं बंद होतं. त्या हॉलमध्ये पाठ लागल्यावर लढाई सुरू होते. खालच्या माणसाचे दोन हात आणि दोन पाय मोकळे असतात, हे विसरू नको. तू खाली असलास तरी आणि तू वर असलास तरी."

दादा उठून बसला. त्याच्या केसांत पेंढ्याच्या काड्या अडकल्या होत्या. तो विचार करत होता. त्याचा चेहरा मी ओळखते. गणित सुटायला लागलं की तो खालचा ओठ आत घेतो. त्याच वेळी मी बोलले.

"सर, आम्ही पाठीवर पडायला शिकायला आलेलो नाही. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाठीवरच पडलेत. सावकाराखाली, ठेकेदाराखाली, जंगलखात्याखाली. आता खाली पडून कसं जगायचं याचे धडे नकोत."

सर माझ्याकडे वळले. त्यांना राग आला नव्हता. "बाई," ते म्हणाले, "पाठ लागली की हरला, हे कुस्तीचं कलम आहे. मारामारीचं नाही. तू बोलतेस ते खरं असेल, पण ह्याच्या हाडांना ते कळणार नाही."

"जमिनीवर लोळून जिंकण्यापेक्षा उभं राहून हरलेलं बरं."

"हरणार कोण?" त्यांनी दादाकडे हात केला. "तू की हा?"

मी उठले. दादाने सरांच्या पायाला हात लावला आणि माझ्यामागून आला. परतीच्या जीपमध्ये तो मागे लोंबकळत उभा होता, मी आत. खोडाळ्याला उतरल्यावर तो म्हणाला, "ते खालून लढायचा, जरा बघायला पायजे होता."

"तुला जायचं असेल तर जा. माझी बळजबरी नाही."

"तसा नाय. तू शिकलेली हायस. तुला पटत नाय तर काय तरी असंल."

शिकलेली म्हणून तो माझं ऐकत होता, आणि माझं शिक्षण म्हणजे बारावीची अर्धी पुस्तकं आणि बाबांचे गठ्ठे. दादाने जव्हारच्या एका दुकानातल्या टीव्हीवर परदेशी लढतीची सीडी पाहिली होती. त्यातले दोघं सतत खाली पडून एकमेकांना कवळून राहायचे. "एका गोधडीत दोन भाऊ निजल्यासारके," तो सांगायचा. त्या गोधडीखाली काय चाललेलं असतं ते विचारायला हवं होतं. आम्ही फक्त हसलो.

आता कुस्तीबद्दल. आमच्या भागातल्या जत्रांत कुस्तीची एक रीत आहे. दोन्ही खांदे टेकले की कुस्ती झाली, पण पंच लगेच हात वर करत नाही. जिंकणाऱ्याने आधी पडलेल्याला हात द्यायचा, उठवायचं, त्याच्या पाठीची माती झटकायची. मग निकाल. ज्याने हात दिला नाही त्याला नारळ मिळत नाही. मला या रीतीचा केवढा अभिमान होता. मी तिच्यावर दोन पानं लिहिली होती : हरलेल्याला उठवल्याशिवाय जिंकता न येणारा जगातला एकमेव खेळ. जगातले बाकीचे खेळ मी पाहिले नव्हते, तरी लिहिलं. फॉर्मच्या त्या रकान्यात मी ठळक अक्षरांत 'कुस्ती' लिहिलं आणि पुढे 'मातीतली' असंही जोडलं.

दादाने खळ्यावर सराव सुरू केला. भात झोडून झालं होतं, शेणाने सारवलेली जमीन टणक होती. पाड्यातला कुणीही धडधाकट गडी सापडला की तो त्याला अंगावर घ्यायचा. मी सुटीत आले की नाचणीच्या भुश्शाने भरलेलं पोतं छातीशी धरून उभी राहायचे आणि तो त्यावर ठोसे मारायचा. एकदा मी पोत्यासकट मागच्या गवतात गेले.

"तुझ्या पत्रकात लिव," तो म्हणाला, "भावाचा बहिणीवर भ्याड हल्ला."

आईला यातलं काही आवडत नव्हतं. ती दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढून यायची आणि आम्हाला बघून तशीच थांबायची. "हातपाय धड ठेव रं. तेवढाच तर हाय तुझ्याकडं." बाबा म्हणायचे, "खेळू दे." त्यांना माझा मथळा आवडला होता.

माघात आम्ही भिवंडीला गेलो, जव्हारहून वाड्यामार्गे एसटीने. सामने एका लग्नाच्या हॉलमध्ये होते. मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाची थर्मोकोलची अक्षरं अर्धी निघून अर्धी राहिली होती. मध्ये निळ्या मॅट, चारी बाजूंनी प्लास्टिकच्या खुर्च्या. डॉक्टर म्हणून कुणी नव्हतं, पांढऱ्या पेटीत कापूस आणि लाल औषध होतं. पंचांनी हिंदीत नियम सांगितले. डोळ्यांत बोट नाही, चावायचं नाही, लढत सोडायची असेल तर मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर थाप मारायची.

"समजलं?" मी दादाला विचारलं.

"थाप मारली की हरला."

"हो. म्हणून मारायची नाही."

पहिल्या लढतीत कराटेवाला होता. त्याने दादाच्या तोंडावर दोन लाथा बसवल्या. जव्हारच्या सरांनी सांगितलेलं ते उघडं तोंड. ओठ फुटला. तिसऱ्या लाथेला दादाने पाय धरला, उचललं आणि आपटलं. तो मुलगा उठलाच नाही, हातानेच नको-नको केलं. खुर्च्यांवरून शिट्ट्या आल्या. कुणीतरी विचारलं, हा कुठला? मी उठून सांगितलं, मोखाड्याचा. 'अरेरे' कुणी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर आयुष्यात मी इतकी सुखी फार वेळा झालेले नाही.

दुसऱ्या लढतीतला मुलगा बारीक होता. चष्मा काढून त्याने मित्राकडे दिला. बँकेत कामाला असावा असा. शैली म्हणून पंचांनी काहीतरी लांबलचक नाव वाचलं. दादाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे : ह्याला काय मारू? पंचांनी हात खाली केला. दादा दोन पावलं सरकला, एक पाय धरून एकेरी पट काढला आणि तो मुलगा धप्पकन पाठीवर पडला. इतकं स्वच्छ की दोन्ही खांदे एकदम टेकलेले मला माझ्या जागेवरून दिसले. जत्रेत अशा कुस्तीला लोक फेटे उडवतात.

दादा उभा राहिला. आणि त्याने त्याला उठवायला उजवा हात पुढे केला.

तो विसरला नव्हता, फसला नव्हता. नियम त्याने ऐकले होते. पण सातव्या वर्षापासून त्याच्या अंगाला एकच माहीत होतं की आता हात द्यायचा. समोरच्याने तो हात घेतला. दोन्ही हातांनी मनगट धरलं, एक पाय दादाच्या छातीवर आणि दुसरा मानेवरून टाकला, आणि दादा त्याच्यावर वाकून गुडघ्यांवर आला. हात सरळ ताणला गेला. पहिल्यांदा मला वाटलं, तो त्याला उठवतोच आहे.

मग त्या मुलाने कंबर वर उचलली. दादाचा चेहरा बदलला. डावा हात मॅटपासून वीतभर वर होता, बोटं पसरलेली. तो थाप मारणार होता. मी हे हजार वेळा मनात तपासून पाहिलंय, तो मारणारच होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी ओरडले, "थाप मारू नको."

त्याने हात मुठीत घेतला.

आवाज मोठा नव्हता. कोरडी काटकी चुलीत घालण्याआधी मोडावी, तेवढाच. त्या मुलानेच आधी सोडलं. "अरे, टॅप क्यों नहीं किया? टॅप क्यों नहीं किया भाई?" तो घाबरून विचारत राहिला. नंतर तो आमच्याबरोबर रिक्षात बसून हॉस्पिटलपर्यंत आला आणि चष्मा हातात घेऊन बाहेरच्या बाकावर थांबला. त्याच्यावर राग धरता आला असता तर फार सोपं झालं असतं.

कोपर निखळलं होतं आणि आतलं हाड तुटलं होतं. प्लास्टर झालं. सात आठवड्यांनी काढलं तेव्हा हात पातळ झाला होता आणि एका कोनात अडकून बसला होता. वाकायचा थोडा, सरळ व्हायचा नाही. आई रोज कोमट तेल लावून चोळायची. तिने मला एकदाही दोष दिला नाही, कारण हॉलमध्ये काय झालं ते तिला माहीत नव्हतं. दादाने घरी एवढंच सांगितलं होतं, "पोराने हात पकडला."

बाबा म्हणाले, यावर पत्रक काढायला हवं. डॉक्टर नाही, गाडी नाही, गरिबाच्या पोरांना आणून झुंजवतात आणि खोटी आश्वासनं देतात. सगळं खरं होतं. मी एका बैठकीत लिहून काढलं. मथळा, अन्याय, चार मागण्या. बाबांनी ओटीवर मोठ्याने वाचलं. दादा भिंतीला टेकून ऐकत होता, वाकडा हात मांडीवर ठेवून. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "चांगला लिवलंस. तू वरडलीस ते नाय टाकलं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "काय ओरडली?"

मी सांगितलं. बाबांनी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली.

"ते टाकलं तर पत्रक पडतं," शेवटी ते म्हणाले. "समोरचे तेवढंच धरतील."

"मंग नको टाकू," दादा म्हणाला. अगदी साधेपणाने. जणू मीठ कमी घाल म्हणावं.

ते मी टाकलं नाही. मोखाड्याच्या बाजारात उभं राहून मी स्वतः ती पत्रकं वाटली. एक म्हातारी वाचता येत नसूनही घेऊन गेली, चूल पेटवायला. बाकीच्यांनी वाचली आणि म्हणाले, पोरगी जाळ लिहिते. त्या ट्रॅकसूटवाल्याचा फोन लागत नव्हता, मागण्या कुणाकडे करायच्या हेही ठरलेलं नव्हतं. आमच्या चार मागण्यांतली एकही पुरी झाली नाही. पण मला सांगायचंय ते हे नाही. त्या कागदावरचं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि तो कागद खोटा होता. असं लिहिता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि ते मला जमतं हेही.

वैशाखात भरती निघाली. आई जाऊ नको म्हणत होती. दादा म्हणाला, फॉर्म भरलाय तर उभा राहून येतो. मी त्याचे कपडे आणि चपला सांभाळायला बरोबर गेले. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो, मैदान ठाण्याला. कागद तपासणाऱ्या टेबलावर त्याने पहिली लढत जिंकल्याचं सर्टिफिकेट ठेवलं. पलीकडच्या माणसाने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं.

"हा खेळ यादीत नाही. कुस्तीचं आहे का काही? ज्युदोचं?"

"नाय साहेब."

धावण्यात तो त्याच्या गटात दुसरा आला. मी जाळीला धरून उभी होते. शेजारच्या एका पोराच्या वडिलांनी विचारलं, तो लाल बनियनवाला तुमचा का, काय पळतो. मग गोळा. डाव्या हाताने टाकू का, असं त्याने विचारलेलं दिसलं. टाकला. चुन्याच्या पहिल्या रेषेच्या अलीकडेच पडला. मग पुलअप्स. तो दांड्याला लटकला तेव्हा अंग एका बाजूला कलंडलं, कारण एक हात सरळ आणि दुसरा वाकडाच. त्याने ओढलं. हनुवटी दांड्याच्या खाली वीतभरावर थांबली आणि तिथेच थरथरत राहिली. मोजणाऱ्या हवालदाराने वाट बघितली. बरीच बघितली, असं म्हणायला हवं. मग काय झालं हाताला, असं विचारलं असावं. दादाने वर बोट करून काहीतरी सांगितलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"झाडावरून पडलो म्हनलं."

"का?"

"दुसरा काय सांगू? त्यांना हसू आला असता."

आम्ही स्टँडवर बसून केळी खाल्ली. मला त्याची माफी मागायची होती. मी वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य पत्रकासारखं होत होतं, मथळ्यापासून सुरू होणारं. बस आली. तो खिडकीकडे बसला आणि झोपला, किंवा डोळे मिटून राहिला. माफी राहून गेली.

पावसाळाभर त्याने शेत केलं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, डाव्या हाताने. मी बारावी पास झाले, पुढे शिकायला नाशिकला गेले. दिवाळीला घरी आले तेव्हा दादा नव्हता. आई चुलीपाशी होती. मी विचारलं तर तिने आधी भाकरी उलटली.

"गेला भट्टीवर. वसईकडं. आठ दिस झालं."

"भट्टीवर? त्या हाताने?"

"मोजायचा काम देतो म्हनलाय मुकादम. कच्च्या इटा मोजायच्या. हात नाय लागत त्याला."

"मला कळवलं का नाही? मी काहीतरी बघितलं असतं. नाशिकला कुणाला विचारलं असतं. सगळं बघून ठरवलं असतं."

आईने भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी केली. ती फुगेपर्यंत ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तोच म्हनला," ती म्हणाली, "बायला सांगू नको. ठरवल्यावर सांग."